वाचक विचारतात : उत्पत्तीचे सहा दिवस आणि टाकळीचा दगड

मागच्या अंकात एका वाचकाने पृथ्वीचे वय विचारले होते. जागा थोडी होती, म्हणून मी दोनच ओळी लिहिल्या : सुमारे ४५४ कोटी वर्षे, आणि हे मानल्याने ख्रिस्ती विश्वासाला धक्का लागत नाही. त्या दोन ओळींवर पत्रांचा ढीग आला. काही पत्रे रागाची, बरीचशी काळजीची. त्यांतली चार इथे घेतली आहेत. नावे देत नाही, गावे देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नागपूरच्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे आणि आमच्या मंडळीत शब्बाथ शाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग अजून घेते. एका वर्गात एक आणि दुसऱ्या वर्गात दुसरे, असे मी कधी बोलले नाही. इथेही बोलणार नाही.

प्रश्न : बाई, प्रभूमध्ये सलाम. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. रविवारी शब्बाथ शाळेत लहान मुलांना शिकवते. कॉलेजच्या पेपरात उत्क्रांती लिहिते आणि रविवारी सहा दिवसांचा तक्ता भिंतीला लावते. आमच्या तरुण संघाच्या शिबिरात बाहेरून वक्ते आले होते. ते म्हणाले, पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, सगळे जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात झाले, आणि उत्क्रांती मानणाऱ्याचे तारण झालेलेच नाही. तेव्हापासून मला झोप नाही. मी दोन तोंडांनी बोलते आहे का? विषय बदलून घेऊ का? (एक विद्यार्थिनी, जालना)

उत्तर : विषय बदलू नकोस. आणि तारणाचे आधी बघू, कारण तुझी झोप त्याने उडवली आहे. रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय काढ, नववे वचन. येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल करायचे आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास धरायचा. पौलाने तारणासाठी एवढेच मागितले. निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीने मिळून केलेल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण 'आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता' म्हणतो, त्यात वर्षांचा आकडा नाही. जो आकडा प्रेषितांनी मागितला नाही आणि मतांगीकारानेही मागितला नाही, तो शिबिराच्या व्यासपीठावरून एका विशीतल्या मुलीच्या गळ्यात बांधण्याचा अधिकार कोणाला नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते.

आता दगड. माझ्या टेबलावर टाकळीचा एक तुकडा आहे. टाकळी म्हणजे नागपूरच्या वायव्येचे जुने गाव, आता शहरातच आले. हा तुकडा राखाडी चर्टचा, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण खडकाचा आहे. हातोडा मारला की काचेसारखा फुटतो आणि कडा बोट कापतात. फुटलेल्या बाजूवर पांढरे शंख दिसतात. मोठा शंख माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्याच्या शेजारी मुगाच्या दाण्याएवढी पिल्ले. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले तर उघडा भाग डाव्या हाताला येतो. बहुतेक गोगलगायींचा उजवीकडे असतो. त्यावरून आणि आकारावरून हा फायसा ओळखता येतो. फायसा गोड्या पाण्यातला जीव आहे, तळ्यात आणि संथ ओढ्यात राहणारा.

हा चर्ट सापडतो कुठे, ते महत्त्वाचे. त्याच्या खाली काळा कातळ आहे आणि वरही काळा कातळ आहे. दोन्ही लाव्हाचे थर. म्हणजे लाव्हा आला, निवला, त्याच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साठून तळे झाले, तळ्यात गोगलगायी आल्या, त्यांची पिल्ले झाली, काठावर झाडे वाढली, आणि मग पुन्हा लाव्हा येऊन सगळे झाकले गेले. हे एकदाच घडले असते तरी विचार करावा लागला असता. पण दख्खनच्या पठारावर असे थरावर थर आहेत, पश्चिमेला तर एक किलोमीटरहून अधिक जाडीचे. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच दोन थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तू कोकणात उतरताना घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीकडे बघ. काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसेल. लाव्हाचा माथा ऊन-पावसात झिजून त्याची माती झाली, तो हा पट्टा.

उत्पत्तीच्या सातव्या-आठव्या अध्यायातले दिवस मोजले तर जलप्रलय वर्षभराहून थोडा जास्त चालतो. सगळी पृथ्वी पाण्याखाली असताना, त्या एका वर्षात, इथे कातळ निवायचा, त्याची माती व्हायची, गोड्या पाण्याचे तळे साठायचे, गोगलगायींच्या पिढ्या जन्मायच्या, आणि हे पुनःपुन्हा व्हायचे! तुझे वक्ते कधी नागपूरला आले तर हा दगड मी त्यांच्या हातात देईन आणि शांतपणे विचारीन की ह्या पिल्लांचे काय करू.

वय मोजायच्या पद्धतीवर ते शंका घेतात. ह्या लाव्हाचे वय दोन स्वतंत्र मार्गांनी काढले गेले. एक पोटॅशियमच्या किरणोत्सारी रूपापासून होणाऱ्या आर्गॉनवरून, दुसरा लाल पट्ट्यांतल्या राखेत सापडणाऱ्या झिरकॉन ह्या खनिजाच्या बारीक स्फटिकांतल्या युरेनियम आणि शिशावरून. दोन्ही मूलद्रव्ये वेगळी, त्यांचा क्षय होण्याचा वेग वेगळा, प्रयोगशाळा वेगळ्या, आणि उत्तर एकाच ठिकाणी येते : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. ह्या लाव्हाच्या खाली लमेटा थर आहेत, त्यांत डायनासोरांची हाडे आणि अंडी. त्याच्याही खाली कामठीचा वालुकाश्म, आणि उमरेड-चंद्रपूरकडचा कोळसा, ज्याच्याबरोबर ग्लॉसोप्टेरिस ह्या नामशेष झाडाची जिभेच्या आकाराची पाने मिळतात. तीच पाने १९१२ साली कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने अंटार्क्टिकावर गोळा केली होती.

काही जण म्हणतात, देवाने दगड जुने दिसतील असेच घडवले. हा विचार फिलिप गॉस ह्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५७ साली मांडला. तो अतिशय भाविक माणूस होता. पण त्याचा मित्र चार्ल्स किंग्जली, जो स्वतः पाळक होता, त्याने कळवले की देवाने खडकांवर एवढे मोठे आणि विनाकारण असत्य लिहिले असेल हे मला मानवत नाही. मलाही मानवत नाही. आकाश देवाचा महिमा वर्णिते असे स्तोत्र १९ म्हणते. ज्या देवाचे आकाश खरे बोलते त्याचा दगड खोटे बोलणार नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्या मंडळ्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. टाकळीचे हे शंख गोळा करून जगापुढे मांडणारा माणूस मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने पाठवलेला, १८४५ साली नागपूरला आला. शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली, आणि सुवार्तेच्या दौऱ्यांवर जाता-येता दगड फोडले. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला त्याचा नागपूरच्या भूगर्भावरचा लेख १८५५ साली लंडनच्या भूगर्भ संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. मांगलीला मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी, जिला ब्रॅकिऑप्स म्हणतात, ती ह्याच मंडळींनी पाठवली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉपचा अंत झाला. त्याच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून नागपुरात उभे आहे.

हिस्लॉप मवाळ विश्वासाचा नव्हता. ज्या फ्री चर्चचा तो होता, तिचा पुढारी थॉमस चाल्मर्स ह्याने १८१४ सालीच सांगितले होते की उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये हवा तेवढा काळ मावतो, पृथ्वी जुनी असण्याला पवित्र शास्त्राची हरकत नाही. त्याच मंडळीच्या वर्तमानपत्राचा संपादक ह्यू मिलर हा पाथरवट आणि जीवाश्मांचा जाणकार होता. मिलर उत्क्रांतीच्या विरुद्ध होता, पण पृथ्वीच्या प्राचीनतेबद्दल त्याला संशय नव्हता. म्हणजे ज्यांनी विदर्भात सुवार्ता आणली त्यांच्या घरात सहा हजार वर्षांचा हट्ट नव्हता.

मग तो आला कुठून? सहा हजारांचा आकडा आर्चबिशप अशर यांच्या १६५० सालच्या गणिताचा; त्यांनी सृष्टीची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ अशी काढली आणि पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात ती छापली जाऊ लागली. पण सगळे थर जलप्रलयात बसले, ही आजची मांडणी जॉर्ज मॅक्रीडी प्राइस ह्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लेखकाने १९२३ साली पुस्तकरूपाने पुढे केली, आणि १९६१ साली व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक व मॉरिस हे जलअभियंते यांनी मिळून तिला अमेरिकेत घरोघर नेले. आता तिथे केंटकी राज्यात २००७ पासून ह्या मांडणीचे संग्रहालय आहे आणि २०१६ पासून नोहाचे म्हणून बांधलेले ५१० फूट लांबीचे लाकडी तारू. तिथल्या चित्रफिती आपल्या फोनवर येतात. टेनेसीतल्या डेटन गावी १९२५ साली उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स ह्या शिक्षकावर खटला झाला, तेव्हा फिर्यादीच्या बाजूने उभे असलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा साक्षीत मान्य केले होते की उत्पत्तीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही.

त्याच्याही मागे जा. तिसऱ्या शतकात ओरिजेन ह्या ख्रिस्ती पंडिताने विचारले होते की सूर्य-चंद्र नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा होईल? सूर्य चौथ्या दिवशी आहे, बघ. मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन ह्याने उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात हे दिवस आपल्या दिवसांसारखे नाहीत असे ठरवले. शिवाय त्याने एक इशारा दिला : ज्या गोष्टी अविश्वासी माणसालाही अनुभवाने आणि तर्काने ठाऊक आहेत, त्यांबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राचे नाव घेऊन भलतेच बोलला, तर लोक शास्त्रालाच हसतील आणि पुनरुत्थानावर त्याचे ऐकणार नाहीत. ऑगस्टीनपुढे डार्विन नव्हता, त्याला कोणाशी जुळवून घ्यायचे नव्हते. धर्मसुधारक कॅल्व्हिनने उत्पत्तीवरच्या १५५४ च्या भाष्यात लिहिले की शनी चंद्राहून मोठा आहे हे खगोलशास्त्रज्ञ दाखवतात, पण मोशेने साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहिले, ज्याला खगोलशास्त्र शिकायचे त्याने दुसरीकडे जावे.

उत्क्रांतीबद्दल तुला मी काय सांगणार, तू वर्गात शिकतेसच. चिंपांझीच्या गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्या २३, आणि आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळल्याची खूण मधोमध शिल्लक. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प ज्यांच्या हाताखाली २००३ साली पूर्ण झाला ते फ्रान्सिस कॉलिन्स उघडपणे ख्रिस्ती आहेत. डार्विनचा अमेरिकेतला सगळ्यात भक्कम पाठीराखा, हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे, नेमाने उपासनेला जाणारा होता. तू एकटी नाहीस.

आणि तो तक्ता काढू नकोस. मुलांना तो दोन ओळींत लावून दाखव. वरच्या ओळीत पहिला, दुसरा, तिसरा दिवस : उजेड-अंधार, आकाश-पाणी, कोरडी जमीन. खालच्या ओळीत चौथा, पाचवा, सहावा : सूर्य-चंद्र, पक्षी-मासे, जनावरे आणि माणूस. वर जागा तयार झाली, खाली त्या जागेत राहणारे आले. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ही जोडी स्वतःच सापडते आणि त्यांना फार आनंद होतो. मग त्यांना सांग की ज्या बाबेलात लोक सूर्य-चंद्रापुढे लोटांगण घालत होते, तिथे इस्राएलाने गायले की हे दोघे आमच्या देवाने लावलेले दिवे आहेत. राजाच नाही, प्रत्येक बाई, प्रत्येक पुरुष देवाचे प्रतिरूप आहे. ज्यांच्या आजी-आजोबांना गावाने विहिरीवर चढू दिले नाही, त्या आपल्या मुलांना हे वचन किती मोठे आहे, हे तुला मी सांगायला नको.

एखादा विचारेलच, "ताई, डायनासोर तारवात होते का?" सरळ सांग, नाही, ते माणसाच्या कितीतरी आधी होऊन गेले. मुले पुढचा प्रश्न विचारतात. तू काही लपवत नाहीस, एवढे त्यांना कळले पाहिजे.

प्रश्न : आपले उत्तर वाचून दुःख झाले. आदाम झालाच नाही तर पतन नाही, पतन नाही तर तारणारा कशाला? पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त यांची जोडी लावतो. एक खोटा तर दुसऱ्याचे काय? शिवाय मरण पापामुळे आले असे शास्त्र म्हणते आणि उत्क्रांती तर मरणावरच चालते. ज्या फांदीवर बसलो तीच आपण तोडता आहात. (मंडळीचे एक वडील, अहिल्यानगर)

उत्तर : आदरणीय बंधू, आलेल्या पत्रांत आपले पत्र सगळ्यात वजनदार आहे. पृथ्वीच्या वयाचा प्रश्न मला कठीण वाटत नाही. हा वाटतो. म्हणून उत्तर सावकाश देते.

आधी मरणाचे. आदामाच्या पापाने मरण आले आणि ते 'सर्व माणसांमध्ये' पसरले, असे पौल म्हणतो. जनावरांचा तो उल्लेख करत नाही. स्तोत्र १०४ मध्ये तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपले अन्न मागतात; स्तोत्रकर्ता त्याबद्दल देवाची स्तुती करतो, हे पतनाचे फळ म्हणून रडत नाही. ईयोबाच्या ३८ व्या अध्यायातही देव सिंहिणीची शिकार आणि कावळ्याच्या पिल्लांचे खाणे आपल्याकडे घेतो.

आणि जनावरांचे मरण माणसाआधीचे आहे, हे दगडात दिसते. गुजरातेत ढोली डुंगरी इथे, आमच्याकडे आहेत त्याच लमेटा थरांत, नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे यांना डायनासोरांचे एक घरटे मिळाले होते. अंडी, एक नुकतेच बाहेर आलेले पिल्लू, आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साप. साप आहे हे पुष्कळ नंतर उलगडले आणि २०१० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याला सनाजेह नाव दिले, लांबी सुमारे साडेतीन मीटर. वाळूचा लोट आला आणि भक्ष्यावर टपलेला साप, पिल्लू, अंडी सगळे जागच्या जागी पुरले गेले. वय सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षे. त्या वेळी माणूस नव्हता. त्या पिल्लाचे मरण आदामाच्या खात्यावर मांडता येत नाही.

ह्याने दुःखाचा प्रश्न सुटतो, असे मी म्हणणार नाही. सगळी सृष्टी कण्हत आहे असे पौल आठव्या अध्यायात लिहितो. एवढ्या कण्हण्यातून देवाने घडवावे का, हा प्रश्न मी प्रार्थनेत विचारते. पण हा प्रश्न सहा हजार वर्षे मानूनही उरतोच. दवाखान्यात लहान मूल जाते तेव्हा आपण आणि मी दोघेही तोच प्रश्न घेऊन बाहेर उभे असतो.

आता आदाम. 'आदाम झालाच नाही' असे मी लिहिले नव्हते, आणि लिहिणारही नाही. जनुकशास्त्राचा निष्कर्ष असा आहे की गेल्या काही लाख वर्षांत आपले पूर्वज कधीच फक्त दोन नव्हते; कमीत कमी म्हटले तरी काही हजारांची वस्ती होती. हे मानूनही आदामाला जागा आहे. इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांच्यासारख्या, पवित्र शास्त्राच्या अधिकाराबद्दल जराही तडजोड न करणाऱ्या माणसाने सुचवले होते की शरीराने माणूस आधीपासून असेल, पण देवाने ज्याला प्रथम हाक मारली, आपल्या संगतीत घेतले, तो आदाम. डेरेक किडनर यांनी उत्पत्तीवरच्या आपल्या १९६७ च्या भाष्यात असाच विचार मांडला की आदाम आपल्या काळच्या सर्वांचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. मलाही हेच पटते. पवित्र शास्त्रही त्याला आडवे येत नाही. चौथ्या अध्यायात काइन म्हणतो की जो कोणी मला भेटेल तो मला ठार करील, आणि पुढे तो नगर बांधतो. कोण भेटणार होते त्याला? नगरात कोण राहणार होते?

रोम ५ मधली जोडी प्रतिनिधींची आहे. ख्रिस्त आपला जैविक पूर्वज नाही, तरी त्याचे नीतिमत्त्व आपल्याला मिळते. मग आदामाचे पतन आपल्यापर्यंत यायला रक्ताचीच वाट लागते, असे का? काही विश्वासू अभ्यासक ह्याहून पुढे जाऊन आदामात प्रत्येक माणसाची गोष्ट पाहतात. मी तिथवर जात नाही, पण त्यांना मंडळीबाहेरही काढणार नाही.

तारणाऱ्याची गरज मला फार लांबून सिद्ध करून घ्यावी लागत नाही. देवाची हाक ऐकू येते आणि मी पाठ फिरवते, हे मला रोज कळते. ते गुणसूत्रांनी खोटे ठरत नाही.

आपण मंडळीचे वडील आहात, म्हणून एक विनंती. आपल्याकडे विज्ञान शिकणारी मुले-मुली शब्बाथ शाळेत शिकवत असतील, तर ह्या एका मुद्द्यावर त्यांना बाजूला बसवू नका. माझ्या वर्गातून अशी मुले गेलेली आहेत, ज्यांना घरून आणि मंडळीतून 'हे किंवा ते' असे सांगितले गेले. त्यांनी दगड पाहिले होते, दगड नाकारणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून त्यांनी उपासना सोडली. मला त्यांची नावे तोंडपाठ आहेत आणि मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या फांदीची काळजी मला कळते, बंधू. मला ह्या मुलांची काळजी आहे.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. आमच्या शेजारच्या प्रार्थना गटातल्या बाई म्हणतात, तुमचे पोप माकडापासून माणूस झाला मानतात. आमच्या चर्चचे म्हणणे नक्की काय आहे? (एक गृहिणी, वसई)

उत्तर : ताई, माणूस आजच्या माकडापासून झाला असे विज्ञानही म्हणत नाही, दोघांचे पूर्वज एक, असे म्हणते. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या 'हुमानी जेनेरिस' ह्या परिपत्रकात सांगितले की माणसाचे शरीर आधीच्या सजीवांतून आले का, ह्याचा अभ्यास आणि चर्चा करायला मोकळीक आहे. आत्मा मात्र देव स्वतः निर्माण करतो. सगळी माणसे एका आदामापासून नसून अनेकांपासून आली, ह्या मताला त्यांनी तेव्हा मोकळीक दिली नाही, हेही सांगायला हवे. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनच्या पोंटिफिकल विज्ञान अकादमीला कळवले की उत्क्रांती आता केवळ एक गृहीतक राहिलेली नाही. २०१४ साली पोप फ्रान्सिस त्याच अकादमीत म्हणाले की देव म्हणजे छडी फिरवणारा जादूगार नव्हे. आनुवंशिकतेचे नियम ज्याने वाटाण्यांवरून काढले तो मेंडेल ऑगस्टीनच्या संघातला मठवासी होता, आणि विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू. शेजारच्या बाईंना हे चहाला बोलावून सांगा. भांडण नको.

प्रश्न : एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा आमच्या मंडळीच्या गटावर लोकांनी 'हालेलुया' लिहिले होते. माझा मुलगा सीबीएसईला आहे, यंदा दहावीत. मीही आनंद मानायचा का? (एक पालक, पिंपरी)

उत्तर : नाही. तो भाग मुलांवरचा भार कमी करण्याच्या नावाखाली काढला गेला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' ह्या प्रकरणाची फक्त 'आनुवंशिकता' उरली. ज्याला अकरावीला जीवशास्त्र घ्यायचे नाही, त्या मुलाला आता हे शाळेत कोणी शिकवणारच नाही. तो कुठल्यातरी चित्रफितीवरून शिकेल, बाजूच्या किंवा विरुद्ध, आणि दोन्हीकडे ओरडा जास्त असतो. न शिकवल्याने आपली मुले विश्वासात राहतील असे वाटत असेल तर तो विश्वास फार घाबरलेला आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनच्या पुस्तकात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, मराठीत आहे आणि सोपा आहे. तो घरी आणा आणि मुलाबरोबर बसून वाचा. त्याच आठवड्यात उत्पत्तीचा पहिला अध्यायही मोठ्याने वाचा, मध्ये न थांबता, शेवटपर्यंत. आणि जमले तर त्याला गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ वडधमच्या जीवाश्म उद्यानात न्या. तिथे दगड झालेले झाडांचे बुंधे जमिनीवर पडलेले आहेत, हात लावून बघता येतात. उन्हाळ्यात नेऊ नका, तिकडचे ऊन सोसत नाही. नाताळची उपासना झाली की निघा.